पांढरं खडप, लाल अझोला

माझं शिक्षण सातवीपर्यंत. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं समुद्राच्या पोटातल्या गोष्टी लिहायच्या आहेत आणि त्या मी पुस्तकातून घेतलेल्या नाहीत. काही कुणी सांगितल्या, काही डोळ्यांनी बघितल्या, आणि बऱ्याचशा नंतर डोक्यावर घमेलं घेऊन चालताना माझ्या मीच जुळवल्या. चूक निघाली तर ती माझी समजावी.

माहेर मालवणच्या बाजूला, भरतीचं पाणी मागच्या माडापर्यंत यायचं इतकं जवळ. सासर नागभीड आणि सिंदेवाहीच्या मधल्या एका धानाच्या गावात. नवरा आमच्याकडे हायवेच्या कामावर पोकलेन चालवायला आला होता. रस्ता झाला, लग्न झालं, आणि तो मला घेऊन आपल्या गावी आला. आता तो पुन्हा कुठल्या तरी रस्त्यावर असतो, आणि मी सासूबाईंबरोबर इथं.

आले तेव्हा गल्लीतल्या बायका मला बघायला येऊन बसायच्या. “समुद्राचं पानी खरंच खारट असते का वं?” “मंग त्यातले मासे खारट काऊन नाई लागत?” मला उत्तर यायचं नाही. समुद्राकाठी वाढलेल्या माणसाला असले प्रश्न पडतच नाहीत. नाव मात्र पडलं ते पडलंच, समुद्रवाली. अजूनही कुणी घर विचारलं तर सांगतात, “समुद्रवालीच्या घराजवळून जाजो.”

पहिल्या उन्हाळ्यात मला वाटलं होतं, मी यातून काही वाचत नाही. आमच्याकडचा उन्हाळा घामाचा. इथलं ऊन घाम येऊच देत नाही, अंगातून निघायच्या आधीच तो वाळून जातो. दुपारी गल्लीत कुत्रंसुद्धा नाही. सासूबाईंनी मला त्या वर्षी लहान पोरासारखं सांभाळलं. कमरेला कांदा बांधायला लावला, डोक्याला दुपट्टा कसा गुंडाळायचा ते शिकवलं, आणि तेंदूपत्ता तोडायला पहाटे सगळ्या निघाल्या की मला म्हणायच्या, “तू नोको येऊ यंदा. तुह्यं रक्त अजून पातळ हाय.” बाकीच्या सुना जायच्या आणि मी घरी राहायची. त्याबद्दल त्यांनी मला कधी टोमणा मारला नाही. हे मी विसरणार नाही.

आता समुद्राचं सांगते.

बाबा होडी चालवायचे. आधी मासेमारीची, नंतर पर्यटकांची. किनाऱ्यापासून थोडं आत एक खडप आहे, पाण्याखालचा खडक, आणि त्यावर पोवळी. लोकांना काचेचे चष्मे लावून, तोंडात नळी देऊन पाण्यावर पालथं तरंगवायचं आणि खालचं दाखवायचं, हा धंदा. शाळा सुटल्यावर, म्हणजे कायमची सुटल्यावर, मी होडीवर असायची. चष्मे धुवायचे, घाबरलेल्या बायांचा हात धरायचा. पर्यटक कमी असले की मीही उतरायची. मला ती पोवळी ओळखीच्या घरांसारखी होती. एक तपकिरी, मेंदूसारखं वळ्यावळ्यांचं. एक हिरवट, पानांच्या थराथरांचं. एक जांभळट, त्याच्या आडोशाला छोटे मासे कायम भांडत.

एका उन्हाळ्यात पाणी तापलं. पाण्यात उतरलं की गार वाटायला हवं, ते अंघोळीच्या पाण्यासारखं वाटायचं. बाबा रोज हात बुडवून बघायचे. मग एक दिवस खाली जाऊन आले, चष्मा काढला आणि म्हणाले, “समुद्र तापलो गो बाय. खडपार सगळा पांढरा झाला.”

मी उतरले. ओळखीचं काहीच नव्हतं. वळ्यांचं पोवळं चुन्यात बुडवून काढल्यासारखं. पानांचं तसंच. मासे होते, पण त्या पांढऱ्यावर ते परक्याच्या घरात शिरल्यासारखे दिसत होते. वर आले तर एक पर्यटक बाई फार खूश. “काका, किती सुंदर! अगदी बर्फासारखं!” फोटो काढून घेतले. बाबांनी मान हलवली. ती पलीकडच्या बाजूला गेल्यावर मला म्हणाले, “बर्फ म्हणता ती. माका ता मढ्यावरच्या कापडासारखा दिसता.”

आमच्याकडे पोहायला शिकवणारा एक दादा होता. कुठल्या तरी मोठ्या शाळेत समुद्राचं शिकून आलेला, पण बसायला आमच्या होडीवरच. त्याला मी विचारलं. त्यानं मला जे सांगितलं ते मी तिथल्या तिथं पाठ केलं, आणि आजही तसंच सांगू शकते.

पोवळं हा दगड नव्हे, जनावर आहे. जागचं न हलणारं. दगड ते स्वतःच्या अंगाखाली बांधत जातं. त्याच्या मांसात डोळ्यांना न दिसणारी शेवाळं राहतात. रंग बहुतेक त्यांचा. ती उन्हावर आपलं अन्न करतात आणि त्यातलं बरंचसं पोवळ्याला देतात. बदल्यात त्यांना राहायला जागा, आणि पोवळ्याच्या अंगातून निघणारं खत. दोघांचं असं वर्षानुवर्षं चाललेलं असतं.

“मग आता काय बिनसलं?” मी विचारलं.

“पाणी तापलं. शेवाळाला ऊन लागतं, पण इतक्या गरम पाण्यात ते ऊन त्याला पचत नाही. अन्न करता करता अंगात विष तयार व्हायला लागतं. मग पोवळं त्याला बाहेर टाकतं.”

“म्हणजे ताट वाढणाऱ्यालाच हाकलायचं?”

“नाहीतर विषानं मरायचं. हाकललं की उपाशी.” मग तो म्हणाला, “पण पांढरं म्हणजे मेलेलं नव्हे हां. पांढरं म्हणजे उपाशी. पाणी वेळेत गार झालं, तर आत थोडं उरलेलं शेवाळ वाढतं, बाहेरचंही येऊन राहतं. रंग परत येतो.”

“आणि नाही झालं तर?”

तो चष्मा धुवायला लागला. “मग वरून दुसरंच शेवाळ बसतं. केसासारखं, लांब. ते कुणाला काही देत नाही.”

त्या वर्षी अर्धंमुर्धं परत आलं. वळ्यांचं पोवळं पावसाळ्यानंतर पुन्हा तपकिरी झालं, पानांचं गेलं. आम्ही काहीच केलं नव्हतं. करण्यासारखं काही नव्हतंच. समुद्रावर सावली कोण धरणार? मी फक्त रोज डोकं खाली घालून बघायची. ती जी धास्ती तेव्हा बसली ती अजून आहे. कुणी उन्हाचा पारा चढला म्हणालं की माझं मन आधी खडपावर जातं.

इथं आल्यावर कितीतरी दिवस हे सगळं मी कुणाला सांगितलं नाही. धानाच्या गावात पोवळ्याचं कुणाला काय?

मग आमच्या बचत गटाच्या बायकांना सिंदेवाहीला नेलं. धानाच्या शेतीची माहिती होती. बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या शेतात, पाणी भरून एका ताईनं आम्हाला पाण्यावर तरंगणारं एक हिरवं झाड दाखवलं. झाड कसलं, नखाएवढी पानं, एकमेकांना चिकटून पाण्यावर गोधडीसारखी पसरलेली. अझोला. ताई म्हणाली, हे धानाच्या बांधीत सोडलं की हवेतलं नत्र धरतं आणि धानाला खत होतं, युरिया कमी लागतो. कोंबड्या खातात, गायी खातात. बायका आपसात बोलत होत्या, कुणाचं लक्ष कुणाचं नाही. मग ती म्हणाली, “नत्र हे झाड स्वतः धरत नाही बरं का. त्याच्या पानाच्या पोकळीत एक निळं-हिरवं शेवाळ राहते. ते धरते.”

मी मटकन खाली बसले. शेजारची म्हणाली, “काऊन वं, चक्कर आली का?”

चक्कर नव्हती. घरापासून इतक्या लांब, समुद्राचा वाससुद्धा नसलेल्या जागी, कुणीतरी माझ्याच घरची गोष्ट सांगत होतं. मी ताईला विचारलं, “ते शेवाळ उन्हानं बाहेर पडतं का?” ती म्हणाली, “नाही. ते पिढ्यान्‌पिढ्या आतच राहते. नवं पान फुटलं की त्याच्यातही ते असतेच. पण ऊन फार झालं तर झाड लाल पडते, आणि मग दोघंही जातात.” म्हणजे इथं हाकलणं नाही. जगायचं तर दोघांनी, मरायचं तर दोघांनी. हे मला पोवळ्यापेक्षा जास्त भीतीचं वाटलं.

परतीच्या गाडीत मी पहिल्यांदा बायकांपुढं बोलले. पोवळ्यापासून सुरू केलं आणि अझोल्यावर आले. सगळ्या ऐकत होत्या. शेवटी आमच्या गटाच्या अध्यक्षबाई म्हणाल्या, “म्हणजे समुद्रात जे पोवळं, ते आपल्या बांधीत हे झाड?”

“तसंच काहीसं.”

“मंग आपन लावू.” इतकं बोलून त्यांनी पान थुंकलं.

अध्यक्षबाईंचं घर आमच्या दोन घरं सोडून. अंगानं लहान, आवाजानं मोठ्या. त्यांचं एकदा ठरलं की त्या नवऱ्याचंही ऐकत नसत, आणि नवरा हे सगळ्यांना कौतुकानं सांगायचा. त्यांनी गटातल्या प्रत्येकीला घरी बांधीचा एक तुकडा मागायला लावला, अझोल्यासाठी. पुरुषांनी खिल्ली उडवली. “शेवाळ लावून राह्यल्या! आता बेडूकबी पाळा.” पण तुकडे दिले. आमच्या सासूबाईंना तर मागावंच लागलं नाही, बांधी त्यांचीच.

अडचण एकच होती. अझोला हवा रोवण्याच्या वेळी, म्हणजे पाऊस लागून धान लावताना. आणि बी, म्हणजे मूठभर अझोला, तर आत्ता मिळालेलं, थंडीच्या शेवटी. मधला सगळा उन्हाळा तो जगवायचा होता. ज्याच्याकडे तो उन्हाळ्यात टिकला, त्याच्याकडेच रोवण्याला बी. तो मेला तर बांधीचे तुकडे रिकामे, आणि पुन्हा बायकांनी काही मागितलं तर घरातली माणसं काय म्हणतील ते सांगायला नको. आणि हे सगळं माझ्या गोष्टीवरून उभं राहिलेलं. मला जेवण जाईना.

आमच्या अंगणात खड्डा खणला. तळाला प्लास्टिक, त्यावर चाळलेली माती, शेणकाला, वर वीतभर पाणी. मुठीनं बी सोडलं. होळीपर्यंत तो इतका वाढला की अध्यक्षबाई रोज येऊन हात फिरवायच्या आणि म्हणायच्या, “मखमल हाय, बाप्पा, मखमल.” जास्तीचा काढून कोंबड्यांना टाकायचा. कोंबड्या वेड्यासारख्या खायच्या.

मग मोहफुलं संपली, तेंदू आला, आणि ऊन असं चढलं की हापशाचा दांडा कपडा धरल्याशिवाय हातात येईना. एक दिवस सकाळी बघितलं तर अझोल्याला कडेनं लाली. पुढच्या दिवसांत लाली मधे आली.

“पिकून राह्यला,” एक म्हणाली. “मिरची नाई का लाल होत?”

“पिकत नाही,” मी म्हटलं. “तापलाय.”

मग आम्ही जे केलं ते धान पिकवणाऱ्या माणसांनीच करावं असं होतं. इथं प्रत्येक घरी ताडपत्री असते. मळणीच्या वेळी आभाळ आलं की सगळं गाव ताडपत्र्या घेऊन धावतं. धानाला जे काही होईल, त्यावर इलाज ताडपत्री. तर अझोल्यालाही ताडपत्री. अध्यक्षबाईंनी स्वतःची नवी आणली. आम्ही ती खड्ड्यावर अंथरली, कडेनं दगड ठेवले, वारा आत जाऊ नये म्हणून फटी मातीनं बुजवल्या. मीही बुजवल्या. ऊन आत जात नाही म्हटल्यावर सगळ्या समाधानानं घरी गेल्या.

संध्याकाळी ताडपत्री उचलली तर आतून वाफ आली, भात शिजवताना झाकण काढल्यासारखी. वास सुटलेला. बराचसा अझोला तपकिरी लगदा झालेला. एका कोपऱ्यात, जिथं दगड सरकून फट राहिली होती, तिथं पसाभर लाल उरला होता. लाल, पण उभा.

मग सासूबाई म्हणाल्या, “शिजवला आपन.” आणि एक बाई हसायला लागली, मग सगळ्याच. मला हसू येईना. मी तो पसाभर अझोला टोपलीत काढला, ओलं फडकं घातलं आणि पडवीत ठेवला. डोक्यात फक्त दादाचं बोलणं. वेळेत गार झालं तर.

सावली हवी होती, पण वारा वाहणारी सावली. साड्या बांधून बघितल्या, दुपारच्या गरम लूनं त्या गल्लीच्या टोकाला नेऊन टाकल्या. जांभळाच्या डहाळ्या आणाव्यात तर लग्नसराईनं जवळपासची जांभळं भुंडी झालेली, आणि लांब जंगलात कुणी पाठवेना, वाघ फिरत होता. गावात दाट, गार, हवेशीर सावली एकाच जागी होती. अध्यक्षबाईंच्या दारात. त्यांच्या मुलीचं लग्न नुकतंच झालेलं आणि अंगणभर मांडव, जांभळाच्या डहाळ्यांचा, थरावर थर. पानं वाळली होती तरी खाली पाय ठेवला की दुसऱ्या गावात आल्यासारखं वाटायचं.

मी ते मनात आणायलाही भीत होते. मांडव म्हणजे मांडव. त्यात मुलीची हळद झालेली. त्यांच्या घरची रीत अशी की मुलगी सासरहून पहिल्यांदा परत येते, मांडवाखाली बसून जेवते, आणि त्या दिवशी मांडव उतरतो. तोवर त्याची एक काडीही हलवायची नाही. हे सगळ्या गावाला माहीत.

मी बोललेच नाही. बोलल्या सासूबाई. “तुह्या मांडवाच्या चार डहाळ्या दे ना वं. तिकडे बांधतो.”

“काय बोलून राह्यली तू?” अध्यक्षबाई उसळल्या. “माह्या पोरीच्या हळदीच्या डहाळ्या शेनाच्या खड्ड्यावर? जीभ तरी कशी वळली तुह्यी!”

“डहाळ्याच त हायत.”

“तुह्या पोराच्या लग्नाच्या वेळी नाई मागतल्या मी!”

“माह्या पोराचं लग्न तिकडे समुद्राकडे झालं. इथी मांडव होता कुठी?”

अध्यक्षबाई तणतणत घरात गेल्या. मी सासूबाईंना म्हटलं, “आई, राहू दे. माझ्यामुळे भांडण नको.” त्या म्हणाल्या, “भांडन कायचं? हे बोलनं हाय. भांडन तू अजून पाह्यलं नाई.”

दुसऱ्या दिवशी पहाटे दाराशी अध्यक्षबाई. हातात फावडं.

“मांडव हलनार नाई,” त्या म्हणाल्या. “पानी हलव.”

मला आधी कळलंच नाही.

“पाह्यत काय राह्यली? मांडव जागचा हलला तं रीत मोडते. मांडवाखाली खड्डा नाई खनायचा असं कोनी सांगतलं? मी रातभर विचार केला. कोनीच सांगतलं नाई.”

त्यांनी स्वतःच्या मुलीच्या मांडवाखाली, हळदीच्या जागेपासून हातभर बाजूला, खड्डा खणून घेतला. खाली प्लास्टिक, माती, थोडंसं शेण. पसाभर लाल अझोला मी स्वतः त्यात सोडला. बायकांनी थट्टा सुरू केली. नवरी गेली, सवत आली. हिला हळद लावा. हिचा नवरा कुठी हाय? “पोटात हाय,” मी म्हटलं. त्या इतक्या हसल्या की एकीच्या हातातलं पाण्याचं गुंड कलंडलं.

पाण्याचं तर मी काय सांगू. मे महिन्यात हापशाला अर्धा तास दांडा मारावा तेव्हा एक गुंड भरतं. तरी गटातली प्रत्येक बाई आपल्या घरच्या पाण्यातलं गुंडभर आणून त्यात ओतायची. कुणी सांगितलं नव्हतं. सकाळी मी खालचं तापलेलं थोडं काढून टाकायची आणि गार ओतायची. दाट होऊ द्यायचा नाही, विरळ ठेवायचा, म्हणजे पानाला हवा लागते. दुपारी मांडवाखाली बसून बघत राहायची. अध्यक्षबाईंच्या घरची माणसं मला ओलांडून ये-जा करायची. त्यांनी मला एकदाही, अजून किती दिवस, असं विचारलं नाही.

नवतपा लागला, उन्हाळ्यातले सगळ्यात कडक नऊ दिवस. त्या दिवसांत चंद्रपूरचं ऊन टीव्हीवर दाखवतात, तेच. बाबांचा फोन आला, तिकडंही पाणी गरम आहे म्हणाले. अझोला लालच होता. मरत नव्हता, वाढतही नव्हता. मी पान उचलून उलटं करून बघायची. मुळं लोंबत असली की हायसं वाटायचं.

आणि अशात अध्यक्षबाईंची मुलगी आली.

ठरल्यापेक्षा आधीच आली. जावई गाडीवर घेऊन आला, म्हणाला, हिला माहेरची फार आठवण येत होती. गल्लीभर बायका दारात उभ्या. मुलगी मांडवाच्या तोंडाशी थांबली आणि खाली बघून म्हणाली, “आई, माह्या मांडवात शेन?”

मला वाटलं, संपलं. रीत म्हणजे रीत. ती आत येणार, मांडवाखाली जेवणार, आणि संध्याकाळी डहाळ्या खाली. अजून नवतपा सरला नव्हता. अध्यक्षबाईंकडे बघवेना. एकीकडं मुलगी, एकीकडं सगळ्या गटाचं काम.

मग त्यांनी मुलीला दोन वाक्यांत सांगितलं. मुलगी ऐकत होती. मी जिच्याशी कधी धड बोललेही नव्हते तिनं माझ्याकडं एकदा बघितलं, आणि आईला म्हणाली, “म्हनजे मी मांडवाखाली जेवली तं मांडव जाईन?”

“हो.”

“मंग मी मागच्या दारानं येतो.”

जावई गोंधळला. “अन्‌ मी?”

“तुमीबी.”

ती गल्ली वळसा घालून गेली, गोठ्याकडच्या दारानं घरात शिरली आणि स्वयंपाकघरात बसून जेवली. अध्यक्षबाईंनी बाहेर येऊन सगळ्यांना सांगून टाकलं, “पोरगी अजून आली नाई. जेव्हा येईन तेव्हा मांडव उतरवू.” त्यांच्या सासऱ्यांनी बाजेवरून विचारलं, “मंग आत जेवून राह्यली ते कोन व्हय?” अध्यक्षबाई म्हणाल्या, “पाव्हनी हाय.” म्हातारबुवा हसत हसत खोकले, खोकता खोकता हसले. मुलगी माहेरी होती तितके दिवस मागच्या दारानंच गेली-आली. जावईबापूंनी एकदा विसरून पुढून पाऊल टाकलं तर आतून तिघी ओरडल्या.

आभाळ यायला लागलं आणि हवा उतरली. एका सकाळी मी फडक्यानं डोळे पुसून बघितलं, खोटं वाटू नये म्हणून सासूबाईंना बोलावलं. लाल पानांच्या मधून हिरवे ठिपके. एकेक नवं फुटलेलं पान, आणि त्याच्या पोटात, डोळ्यांना न दिसणारं, ते. सासूबाई म्हणाल्या, “आला वं.” मला रडू आलं. मला कशानंही येतं, पण हे वेगळं होतं. खडपावर मी नुसती बघत राहिले होते. इथं आम्ही बायकांनी मिळून सावली धरली होती.

मग तो थांबेना. पाणी गार झालं तसा दर दिवसाला पसरत गेला, खड्डा पुरेना, दुसरा खणला, तोही मांडवाखालीच. रोवणा सुरू झाला तेव्हा गटातली प्रत्येक बाई घमेलं घेऊन आली. अध्यक्षबाईंनी हातानं मापून सारखं सारखं वाटलं. स्वतःला शेवटी घेतलं. त्यांची मुलगी त्या दिवशी पुन्हा सासरहून आली, पुढच्या दारानं मांडवाखाली शिरली, पत्रावळीवर बसून पोटभर जेवली आणि संध्याकाळी डहाळ्या उतरल्या.

सासूबाईंच्या बांधीत मी आमचं घमेलं सोडलं. धान लावून झालेलं, गुडघाभर चिखल, पावसाची सर येऊन गेलेली. मी हातानं फेकला, गोधडी अंथरावी तसा. आणि वारा आला. सगळा अझोला सरकत सरकत बांधीच्या एका कोपऱ्यात जाऊन बसला. मी चिखलातून पळत जाऊन त्याला मागं ओढायची, तो परत कोपऱ्यात. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभ्या बायका पोट धरून हसत होत्या. तेवढ्यात धुरा जिथं पाणी सोडायला फोडलेला होता तिथून तो वाहू लागला, आमच्या बांधीतून खालच्या बांधीत. खालची बांधी अध्यक्षबाईंची.

त्या कमरेवर हात देऊन बघत होत्या. “समुद्रवाले, तुह्यं झाड माह्या बांधीत घुसलं.”

“धरून आणू का मागं?”

“कायले?” त्या म्हणाल्या. “माह्यं त्याच्या खालच्या बांधीत जाऊन राह्यलं. त्याचं त्याच्या खाली जाईन. जाऊ दे जिकडे जाते तिकडे.” आणि खाली उतरून त्यांनी आपल्या पायानं धुऱ्याची फट अजून थोडी मोठी केली.